खेळलेले आणि लिहिलेले : भूमिकाखेळाच्या पटकथेतील सहलेखकत्वाचा नैतिक प्रश्न

माध्यमांतराविषयीची आपली बहुतेक चर्चा एक गोष्ट न बोलता गृहीत धरते. माध्यमांतरापूर्वी एक संहिता असते आणि तिला एक लेखक असतो. कादंबरीचे नाटक होते, नाटकाचा चित्रपट होतो. मग मूळ कृतीशी इमान किती राखले गेले, आशयाचे केंद्र कोठे सरकले, हे प्रश्न रीतसर विचारता येतात. परंतु ज्या दूरचित्रवाणी-मालिकांचे मूळ एखाद्या रोल-प्लेइंग गेममध्ये आहे (या लेखात त्याला 'भूमिकाखेळ' म्हटले आहे), त्यांच्याबाबतीत हे गृहीतक लागू पडत नाही. तेथे पटकथेपूर्वी संहिता नसते. काही माणसांनी मिळून अनुभवलेली एक घटना असते. संहितेशी इमान राखणे आणि घटनेशी इमान राखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील फरक केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही, असे मला वाटते.

खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि तेथून हा प्रकार रूढ झाला. मेजाभोवती पाच-सात जण बसतात. त्यांतील एक सूत्रधार असतो. तो जगाचे, प्रसंगाचे वर्णन करतो आणि दुय्यम पात्रे उभी करतो. इतर प्रत्येक जण एकेका पात्राच्या वतीने बोलतो आणि ठरवतो. पात्राने योजिलेली कृती सिद्धीस जाईल की नाही हे जेथे अनिश्चित असते तेथे फासा, बहुधा वीस पैलूंचा, टाकला जातो. फाशाचे नाव निघताच आपल्याला द्यूतपर्व आठवावे हे आपल्या संस्कारांना धरूनच आहे. पण ही तुलना फार ताणू नये. द्यूतात फासा पणाला लावलेल्याचा स्वामी ठरवतो. भूमिकाखेळात फासा हेतू आणि परिणाम यांच्यामध्ये उभा असतो. काय करावे हे खेळाडूच ठरवतो. ते साधेल की नाही हे त्याला ठाऊक नसते, आणि सूत्रधारालाही नसते. या प्रकाराचे वाङ्मयीन वेगळेपण त्यातील राक्षसांत वा जादूत नाही. ते या अज्ञानात आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. लॉस अँजेलिसमधील काही आवाज-अभिनेते २०१२ च्या सुमारास एका मित्राच्या वाढदिवसानिमित्त हा खेळ खेळले आणि पुढे खेळत राहिले. मार्च २०१५ पासून 'क्रिटिकल रोल' या नावाने त्यांचा खेळ इंटरनेटवर थेट दाखवला जाऊ लागला. मॅथ्यू मर्सर हे सूत्रधार. पहिली मोहीम ऑक्टोबर २०१७ मध्ये ११५ भागांनी संपली. त्यांतील भाग सहसा तीन-चार तासांचे. मार्च २०१९ मध्ये त्यांनी एका लहान ॲनिमेशनपटासाठी साडेसात लाख डॉलरची लोकवर्गणी मागितली, तेव्हा ८८ हजारांहून अधिक लोकांनी १ कोटी १३ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. पुढे ॲमेझॉनने ती मालिका घेतली आणि 'द लेजेंड ऑफ व्हॉक्स मॅकिना'चे पहिले पर्व जानेवारी २०२२ मध्ये आले : बारा भाग, प्रत्येक अर्ध्या तासाच्या आतला. पटकथा प्रामुख्याने व्यावसायिक लेखकांच्या गटाने लिहिल्या. खेळाडू निर्माते म्हणून त्या प्रक्रियेत राहिले आणि आपापल्या पात्रांना त्यांनीच आवाज दिला.

२०१६ साली खेळलेला एक प्रसंग मला या संदर्भात कळीचा वाटतो. एका जलमग्न थडग्यात पर्सी हे पात्र सापळा आहे की नाही हे न तपासता एका चिलखताला हात लावते आणि त्या उतावळेपणात व्हेक्स ही सोबतीण मरते. तिला परत आणण्याचा विधी सुरू असताना तिचा जुळा भाऊ व्हॅक्स मृत्युदेवतेला सांगतो की हिच्याऐवजी मला घे. हे वाक्य कोणी लिहून ठेवलेले नव्हते. लियम ओब्रायन या खेळाडूने ते त्या क्षणी उच्चारले, सूत्रधाराने ते स्वीकारले, आणि पुढील दीड वर्षाचा खेळ त्या वाक्याच्या ओझ्याखाली चालला. मोहिमेच्या अखेरीस व्हॅक्स त्या देवतेबरोबर निघून जातो. २०२३ मधील दुसऱ्या पर्वात हा प्रसंग आहे. आवाज तोच आहे, देऊ केलेली गोष्टही तीच. परंतु २०१६ मध्ये तो शब्द देणे होते. २०२३ मध्ये ते शब्द दिल्याचे चित्रण आहे. बोलणाऱ्याला आता शेवट माहीत आहे.

यावर अर्थातच असे म्हणता येईल की सर्वच कला हेच करते. नटाला नाटकाचा शेवट ठाऊक असतो आणि तरी आपण त्याला खोटा म्हणत नाही. हे मान्यच आहे. पण नटाच्या उच्चारामागे नाटककाराचा उच्चार असतो आणि तोही कल्पितच असतो. भूमिकाखेळात मात्र कल्पिताच्या आत एक अकल्पित निवड दडलेली असते. व्हॅक्स हे पात्र काल्पनिक आहे. परंतु परिणाम माहीत नसताना, मेजाभोवती बसलेल्या मित्रांच्या समक्ष, एका माणसाने त्याच्या वतीने केलेली निवड काल्पनिक नाही. पटकथा जेव्हा ती निवड घेते तेव्हा ती साक्षीदाराच्या जागी उभी राहते. अर्थ लावणाऱ्याला जे स्वातंत्र्य असते ते साक्षीदाराला नसते.

'द एक्सपान्स'चे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. टाय फ्रँक यांनी रचलेल्या आणि चालवलेल्या भूमिकाखेळातून हे विश्व आले. डॅनियल एब्राहम यांनी त्याची कादंबरी करण्याचे सुचविले. २०११ मध्ये 'लेव्हायथन वेक्स' ही पहिली कादंबरी जेम्स एस. ए. कोरी या दोघांच्या जोडनावाने आली आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या मालिकेच्या लेखनगटात हे दोघेही होते. अंतराळयानावरील मुख्य पात्रे मुळात निरनिराळ्या खेळाडूंची. त्यांपैकी शेड हे पात्र आरंभीच, यानावरील हल्ल्यात, एका क्षणात मरते. प्रेक्षकाला तेथे युद्धाचा आंधळेपणा जाणवतो आणि तो अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु त्या मृत्यूचे मूळ कारण इतकेच होते की तो खेळाडू पुढे खेळू शकला नाही आणि फ्रँक यांनी त्याचे पात्र संपविले. कोणाच्या तरी आयुष्यातील अडचण कथेत नियती होऊन बसली! मला यात गैर काही दिसत नाही. उलट, गेलेल्या सहखेळाडूची जागा रिकामी म्हणून कथेत शिल्लक राहिली, भरून काढली गेली नाही, हे या रूपांतराचे मोठेपण वाटते.

'व्हॉक्स मॅकिना'त नेमके उलटे घडले आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात, खेळ ऐन रंगात असताना, एक खेळाडू गटातून बाहेर पडला. त्याची कारणे हा आपला विषय नाही. मालिकेच्या पहिल्या पर्वाचे मुख्य कथानक ज्या घटनाक्रमावर उभे आहे, त्याच्या पूर्वार्धात हा खेळाडू मेजावर होता. मालिकेत त्याचे पात्र नाही. पात्र वगळण्याचा निर्मात्यांचा अधिकार मी नाकारत नाही, आणि अनेक तासांच्या खेळाचे काही तास करताना पुष्कळ काही गळणारच. प्रश्न वेगळा आहे. भूमिकाखेळातील कृती सुटी नसते. एकाच्या निवडीला दुसऱ्याची निवड उत्तर देते; कोणी मागे हटले म्हणून कोणी पुढे झाले. मग एकाला काढून टाकल्यावर उरलेल्यांची उत्तरे कोणत्या प्रश्नांची? पटकथाकाराला ती पुन्हा कारणांसह रचावी लागतात, आणि तेथे तो साक्षीदार राहत नाही.

या ठिकाणी कायद्याची दृष्टी कोठे तीक्ष्ण आहे हे पाहण्यासारखे आहे. मूळ खेळातील 'रेव्हन क्वीन' ही देवता खेळाच्या प्रकाशकांच्या विश्वातली. मालिकेत ती 'मेट्रन ऑफ रेव्हन्स' झाली. देवतेच्या नावाला मालक आहे, म्हणून ते जपून बदलले जाते. मेजावर उत्स्फूर्तपणे घडलेल्या कृतीला कायद्याच्या भाषेत नावच नाही. खुद्द या खेळाच्या जन्मकथेतही हाच तिढा आहे : श्रेय आणि मानधन यांसाठी आर्नेसन १९७९ मध्ये न्यायालयात गेले आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. पण तो वाद छापील पुस्तकाविषयी होता. छापील गोष्टीविषयी भांडता येते. बोलून हवेत विरलेल्या गोष्टीविषयी कोणी आणि कसे भांडावे?

आपल्या समीक्षेत रोलां बार्थ (१९६७) आणि मिशेल फूको (१९६९) यांचा दाखला देऊन हा प्रश्न सहज निकालात काढता येतो. लेखक ही संस्थाच जर कालबद्ध रचना असेल, तर सहलेखकाचे ऋण कसले? माझ्या विद्यार्थ्यांपैकी हुशार विद्यार्थी हे हमखास म्हणतात. परंतु या दोघांनीही प्रश्नचिन्ह लावले ते अर्थावर मालकी सांगणाऱ्या लेखकावर. येथे ज्याचा विचार चालला आहे तो अर्थाचा मालक नसून कृतीचा कर्ता आहे. कर्त्याला लेखकासारखे मारता येत नाही. त्याने जे केले ते इतरांनी पाहिले आहे. सिद्धांताच्या एका वाक्याने ज्याचे नाव पुसले जाते तो बहुतेक वेळा मेजावरचा सर्वांत दुबळा माणूस असतो, हेही विसरून चालणार नाही.

जपानमधील 'रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर'ची वाटचाल या दृष्टीने बोलकी आहे. १९८६ पासून 'कॉम्प्टिक' मासिकात खेळाची नोंद संवादरूपाने येत होती. कोण काय बोलले हे वाचकाला दिसत होते. १९८८ पासून सूत्रधार र्‍यो मिझुनो यांनी त्यावर कादंबऱ्या लिहिल्या, १९९० पासून ॲनिमेशनपट झाले, १९९८ मध्ये दूरचित्रवाणी-मालिका. प्रत्येक पायरीवर कथा अधिक सफाईदार होत गेली आणि मेजावरचे आवाज एकेक करून सूत्रधाराच्या आवाजात मिसळून गेले.

हे अटळ आहे असे मानण्याचे मराठीच्या अभ्यासकाला तरी कारण नाही. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी स्वतःच्या कल्पनेने रचल्या नाहीत. ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन त्या गोळा केल्या. महानुभावांच्या पाठपरंपरेत एखाद्या लीळेविषयी दुसऱ्या कोणाची आठवण वेगळी असेल तर तीही 'वासना' म्हणून जपली गेली. श्रद्धेच्या ग्रंथाची दूरचित्रवाणी-मालिकेशी बरोबरी करण्याचा माझा उद्देश नाही. लीळाचरित्रामागची निष्ठा व्यापारात कोठून यावी? पण घटना अनेकांची आणि लेखणी एकाची असताना काय करता येते, याचा एक नमुना आपल्यापाशी सातशे वर्षांपासून आहे.

पटकथेला तळटिपा देता येत नाहीत हे खरे. तरीही दोन गोष्टींत भेद करणे शक्य आहे. सहखेळाडूची कृती वगळणे ही एक गोष्ट. ती उचलून दुसऱ्या पात्राच्या हाती देणे ही दुसरी. पहिलीत विस्मरण आहे आणि विस्मरण क्षम्य असते. दुसरीत एकाने पत्करलेली जोखीम दुसऱ्याच्या शौर्यात जमा होते. लेखनगटात बसलेल्या खेळाडूंना हा भेद बाहेरच्या कोणाहूनही अधिक स्पष्ट दिसत असणार, कारण त्या मेजावर ते स्वतः होते. आणि तो नाकारण्याची सोयही त्यांनाच सर्वांत अधिक, कारण कथेतील लाभार्थी तेच. वर्गणी देणाऱ्या ८८ हजारांपैकी अनेकांनी तो खेळ पाहिला होता. त्या भागांची चित्रणे उपलब्ध आहेत. ज्याला पाहायचे आहे त्याला मालिकेतील सातांशेजारी बसलेला आठवा माणूस तेथे दिसतो, बोलताना, फासा टाकताना.