दोन-तृतीयांश वाटा

१७९४ साली कॅरिबियन समुद्रातल्या सां-दोमँग या फ्रेंच वसाहतीत उसाच्या मळ्यांवरच्या बायकांनी एक हिशेब मागितला. गुलामी उठून जेमतेम काही महिने झाले होते. कालपर्यंत फुकट राबणाऱ्यांना आता मळ्याच्या उत्पन्नात वाटा मिळणार होता. त्याचं कोष्टक फ्रेंच सरकारचा कमिशनर एतिएन पोल्व्हेरेल याने तयार केलं होतं: पुरुषाला एक वाटा, बाईला त्याचा दोन-तृतीयांश. बायकांना ते पटलं नाही. काम सारखं, मग वाटा कमी का, असा त्यांचा सवाल होता. चाबूक मारताना कुठल्या मुकादमाने एक-तृतीयांश सूट दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं, हेही खरंच.

पोल्व्हेरेल काही मळेवाल्यांचा माणूस नव्हता. तो आणि त्याचा सहकारी सोंतोना यांनीच १७९३ मध्ये वसाहतीतली गुलामी संपल्याचं जाहीर केलं होतं. पॅरिसच्या प्रतिनिधी सभेने त्यावर ४ फेब्रुवारी १७९४ ला शिक्कामोर्तब केलं. म्हणजे उत्तर देणारा त्या काळातला सगळ्यांत पुढारलेला माणूस होता. उत्तर मात्र आपल्या ओळखीचं निघालं. बायकांची ताकद निसर्गतःच कमी, त्यातून गरोदरपण, बाळंतपण, अंगावरचं मूल, मग वाटा सारखा कसा? वर त्याने पुरुषांनाही समजावलं, की हा फरक तुमच्याच हिताचा आहे, बायकांच्या म्हणण्यापुढे मान तुकवू नका. आपल्याकडे ऊसतोडीला निघालेल्या नवरा-बायकोला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. पोल्व्हेरेलने निदान बाईचा आकडा वेगळा लिहिला, एवढंच.

सां-दोमँग म्हणजेच पुढचं हैती. हैतीच्या क्रांतीची गोष्ट सहसा इथून सुरू होत नाही. ती १७९१ च्या ऑगस्टमधल्या एका वादळी रात्री, बुआ काईमानच्या रानात सुरू होते. बुकमान नावाचा पुढारी, शेजारी डुकराचा बळी देणारी पुजारीण, शपथ, आणि आठवड्याभरात पेटलेले मळे. त्या पुजारिणीचं नाव सेसिल फातिमान असं सांगतात. हे नाव छापील इतिहासात आलं ते विसाव्या शतकात, तिच्या वंशजांच्या आठवणीच्या आधाराने. हैतीत आज ते घराघरात माहीत आहे. पुजारीण, झेंडा शिवणारी, तलवार उचलणारी आणि वेडी अशा चार बायका या क्रांतीच्या वाट्याला आल्या आणि त्यांच्यावरच बायकांचं प्रकरण संपवण्याची पद्धत पडली. त्या चौघींना कमी लेखायचं कारण नाही. पण लढाई कशावरून होती, हे दोन-तृतीयांशाच्या त्या भांडणात जास्त स्पष्ट दिसतं.

कारण गुलामीची सगळी इमारत बाईच्या कुशीवर उभी होती. चौदाव्या लुईच्या १६८५ च्या ‘कोड न्वार’ या कायद्यात तेरावं कलम होतं: मुलाचा दर्जा आईप्रमाणे. बाप स्वतंत्र असो, गोरा असो, खुद्द मळ्याचा मालक असो. आई गुलाम तर मूल गुलाम. मुलाला बापाच्या नावाने ओळखणाऱ्या युरोपियनांनी इथे एवढ्यापुरती आईची बाजू घेतली, कारण त्यात फायदा होता. बाईची कूस मालकाच्या जमेच्या बाजूला लिहिली जाई. गुलामी गेल्यावर तीच कूस पोल्व्हेरेलने खर्चाच्या बाजूला टाकली. हिशेबाची वही बदलली; बाईचं गरोदरपण लिहून घेणारा दुसराच कुणीतरी, हे काही बदललं नाही.

वसाहत केवढी होती, ते सांगायला हवं. १७८९ च्या सुमारास इथे जवळपास पाच लाख गुलाम होते आणि गोरे सुमारे तीस हजार. स्वतंत्र मिश्रवर्णीय आणि काळे जवळपास तेवढेच. युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के साखर या एका वसाहतीतून जाई, आणि जगातली निम्म्याहून अधिक कॉफी. माणसं इतक्या झपाट्याने मरत, की क्रांतीआधीच्या वर्षांत आफ्रिकेतून दरसाल तीस हजारांच्या वर नवे गुलाम आणावे लागत. त्यांत पुरुष जास्त असत. तरीही उसाच्या फडात कुदळ आणि कोयता चालवणाऱ्या मुख्य टोळीत बायकांची संख्या पुरुषांच्या बरोबरीने, पुष्कळ मळ्यांवर त्यांच्याहून जास्त असे. कारण सोपं आहे. सुतार, पिंपं बांधणारा, गाडीवान, काहिलीवरचा रस उकळणारा कारागीर ही कामं पुरुषांची. फडातून वर जायला पुरुषाला थोड्या का होईना वाटा होत्या. बाईला दाई, मोलकरीण किंवा दवाखान्यातली शुश्रूषेकरी होण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. रात्रपाळीला चरकात ऊस सारायचं कामही बहुधा त्यांच्याकडेच. डोळा लागला की हात रुळांत जाई, आणि तो कापण्यासाठी जवळ धारदार हत्यार ठेवलेलं असे.

अशा ठिकाणी बंड १७९१ ला सुरू झालं, असं म्हणणं म्हणजे पहिली बंदूक वाजल्यावर घड्याळ लावण्यासारखं आहे. जन्मणाऱ्यांहून मरणारे कायम जास्त होते. नवजात मुलं जबडा आखडून, म्हणजे धनुर्वाताने, मोठ्या संख्येने जात, आणि मालकांचा संशय दाईवर असे. गर्भ पाडणाऱ्या मुळ्या बायकांना ठाऊक होत्या. यातलं किती रोगाने झालं, किती उपासमारीने आणि किती ठरवून, याची विभागणी मालकांनाही करता आली नाही. त्यांची भीतीच त्यांची झोप उडवत होती. स्वयंपाकघर, पाळणाघर, आजाऱ्याची खोली या मालकाच्या घरातल्या सगळ्यांत नाजूक जागा, आणि तिथे गुलाम बायका वावरत.

ही भीती कुठवर जाई, याचा एक खटलाच झाला. १७८८ मध्ये प्लेझान्स भागात निकोला लजन नावाच्या कॉफीमळ्याच्या मालकाने विषप्रयोगाच्या संशयावरून चार गुलामांना मारलं आणि दोन बायकांचे पाय जाळून कबुली मागितली. तोंड उघडाल तर याद राखा, अशी तंबी त्याने बाकीच्यांना दिली होती. तरी त्याचे चौदा गुलाम काप फ्रांसे शहरात गेले आणि त्यांनी न्यायाधीशांकडे फिर्याद दिली. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना त्या दोघी साखळदंडात सापडल्या, जखमा कुजलेल्या. विषाची म्हणून जपून ठेवलेली पेटी उघडली, तर आत तंबाखू आणि उंदराच्या लेंड्या. दोघीही पुढे मेल्या. लजन सुटला. मळेवाले, व्यापारी, गव्हर्नर सगळे त्याच्या बाजूने उभे राहिले. एका मालकाला शिक्षा झाली तर मालकांचा गुलामांवरचा वचक उठेल, हा त्यांचा युक्तिवाद होता. तीन वर्षांनी त्याच उत्तर प्रांतात मळे जळाले, तेव्हा ‘आमचे गुलाम सुखात होते’ म्हणून हळहळणाऱ्यांत हीच मंडळी होती.

लढाईच्या वर्षांत बायका काय करत होत्या? जे लढाई चालण्यासाठी लागतं ते. आपापल्या जमिनीच्या तुकड्यांवर रताळी-केळी पिकवून रविवारच्या बाजारात विकणाऱ्या बायका आधीपासून मळ्या-मळ्यांतून फिरत. माल जाई तशी खबरही जाई. छावण्यांत दाणागोटा, दारूगोळा वाहणं, जखमा बांधणं हे त्यांचंच काम. आणि मळ्यांवर मागे राहिलेल्या बायकांनी रात्रपाळीला नकार दिला, मुकादमाशी वाद घातले, वाटा मागितला. या शेवटच्या गोष्टीला इतिहासात ‘युद्ध’ म्हणत नाहीत, ‘बेशिस्त’ म्हणतात. क्रांतीचा सेनानी टूसाँ लूव्हेर्त्यूर याने पुढे वसाहतीचा कारभार हाती घेतल्यावर मळ्यांवर लष्करी शिस्त लावली, तेव्हा तो याच बेशिस्तीशी लढत होता.

१८०१ च्या अखेरीस नेपोलियनने मेहुणा जनरल लक्लेर याला फौज देऊन पाठवलं. त्याच्या पाठोपाठ ग्वादलूप बेटावर गुलामी पुन्हा लादल्याची बातमी आली, आणि ‘फ्रेंच येऊन काय करणार’ हा प्रश्न उरला नाही. त्या बातमीच्या आधीच, १८०२ च्या मार्चमध्ये, क्रेत-आ-पिएरोच्या किल्ल्याला वेढा पडला होता. आत लामार्तिनिएर हा अधिकारी आणि त्याची बायको मारी-जान. बंदूक खांद्याला, कमरेला तलवार, तटावरून शिपायांना काडतुसं वाटणारी आणि स्वतः नेम धरणारी अशी ती हैतीच्या इतिहासकारांनी वर्णिली आहे. २४ मार्चच्या रात्री किल्ल्यातले लोक वेढा फोडून निघून गेले. फ्रेंचांनी या एका टेकाडापायी दीड हजारांच्या आसपास माणसं गमावली होती.

सानित बेलेरचं प्रकरण वेगळं आहे, आणि त्यावर थांबायला हवं. टूसाँचा पुतण्या शार्ल बेलेर हा तिचा नवरा. ती स्वतः फौजेत लेफ्टनंट. १८०२ च्या उन्हाळ्यात आर्तिबोनित खोऱ्यात दोघांनी फ्रेंचांविरुद्ध उठाव केला. ती पकडली गेली, मग त्याने शरणागती पत्करली. ५ ऑक्टोबरला शिक्षा झाली: त्याला गोळ्या घालाव्यात, तिचं डोकं उडवावं. गुन्हा एक, खटला एक, हुद्दे दोघांचेही फौजी. पण गोळीने मरण हा शिपायाचा मान, आणि तो बाईला द्यायचा कसा? सानितने मान खाली घालायला नकार दिला. शेवटी तिलाही बंदुकांसमोर उभं करावं लागलं, आणि डोळ्यांवर पट्टी तिने घेतली नाही, असं हैतीत सांगतात. वाट्याच्या कोष्टकात दोन-तृतीयांश धरणारी व्यवस्था मृत्युदंडाच्या कागदातही तोच हिशेब करत होती. फरक इतकाच, की सानितने तो तिथल्या तिथे बदलून घेतला.

दोनच दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, लक्लेरने नेपोलियनला लिहिलं, की डोंगरांतले सगळे काळे, पुरुष आणि बायका, नष्ट करावे लागतील. बारा वर्षांखालची मुलं तेवढी ठेवावी. संहाराच्या या योजनेत मात्र बायकांना पूर्ण एक वाटा होता. लक्लेर स्वतः पुढच्याच महिन्यात पिवळ्या तापाने मेला.

त्याच महिन्यात ग्वादलूपमध्ये जे घडलं, ते तेराव्या कलमाचं सगळ्यांत नागडं रूप आहे. मे महिन्यात तिथल्या बंडाचा पुढारी देल्ग्रेस आणि त्याच्या साथीदारांनी मातूबा या ठिकाणी स्वतःला दारूगोळ्यासह उडवून दिलं. मागे उरलेल्या बंडखोरांत सोलितूद नावाची एक गरोदर बाई पकडली गेली. तिला फाशी लगेच दिली नाही. पोटातलं मूल कुणाची तरी मालमत्ता होतं. ती बाळंत झाली आणि दुसऱ्या दिवशी, २९ नोव्हेंबर १८०२ ला, तिला मारलं. एकोणिसाव्या शतकातल्या ओग्युस्त लाकूरच्या ग्वादलूपच्या इतिहासात तिच्यावर मोजक्या ओळी आहेत. तिचा पुतळा पॅरिसमध्ये उभा राहायला २०२२ उजाडलं.

सगळ्याच बायका बंदुकीच्या बाजूने होत्या असं नाही. मारी-क्लेर उरझ हिने जाकमेल शहराला १८०० मध्ये पडलेल्या वेढ्यात, वेढा घालणाऱ्या, टूसाँच्या सेनापती देसालिनलाच पटवून, उपाशी लोकांसाठी अन्न आणि औषधं आत नेली. पुढे त्याच देसालिनशी तिचं लग्न झालं आणि तो हैतीचा सम्राट झाल्यावर ती सम्राज्ञी झाली. त्याने गोऱ्यांची कत्तल केली तेव्हा तिने जमेल त्यांना लपवून वाचवलं. गुलामांना जे चाखायचीही मुभा नव्हती ते भोपळ्याचं सूप दर एक जानेवारीला सगळ्यांनी खायची प्रथा लोक तिच्याच नावावर सांगतात. आणि १८०६ च्या ऑक्टोबरमध्ये देसालिनचा खून होऊन प्रेताची विटंबना चालली असताना ते गोळा करून दफनाला नेणारी बाई म्हणजे देदे बाझिल, फौजेमागून शिधा विकत फिरलेली. लोक तिला वेडी म्हणत. सम्राटाचे सेनापती घरात बसले होते.

१ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाली. गुलामांनी स्वतः गुलामी मोडून उभारलेला जगातला हा पहिला देश. १८०५ च्या त्याच्या राज्यघटनेचं नववं कलम वाचण्यासारखं आहे. चांगला बाप, चांगला मुलगा, चांगला नवरा आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे चांगला शिपाई नसेल, तो हैतीयन म्हणवायला लायक नाही, असं ते सांगतं. फडातली, बाजारातली, किल्ल्याच्या तटावरची बाई या चारांपैकी कशातच बसत नव्हती. ज्यांनी ही घटना लिहिली त्यांना सानित आणि मारी-जान ठाऊक नव्हत्या असं नाही. सानितला मारून तीन वर्षंसुद्धा झाली नव्हती.

२००४ साली, स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला, सानित बेलेरचं चित्र हैतीच्या दहा गूर्दच्या नोटेवर छापलं गेलं. तोपर्यंत तिथल्या बायकांना बाकीचे हिशेब भागवून घ्यायला बराच काळ लागला होता. १९३४ मध्ये त्यांनी हक्कांसाठी संघटना काढली, मताचा हक्क १९५० च्या घटनेत आला, आणि राष्ट्राध्यक्ष निवडताना प्रत्यक्ष मत त्यांनी टाकलं ते १९५७ मध्ये. लग्न झालेल्या बाईला कायद्याने अज्ञान मुलासारखं धरणं हैतीने ८ ऑक्टोबर १९८२ च्या हुकमाने बंद केलं.