थांबायला मिळणारा वेळ

नववीच्या वर्गात संवेग शिकवताना मुलांना सूत्राची अडचण येत नाही. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. त्यातल्या बदलाला वेळेने भागलं की बल हाती येतं. उदाहरणात वेळ आयता दिलेला असतो, ०.१ सेकंद किंवा ०.०५ सेकंद. मला मात्र वर्षानुवर्षं वाटत आलंय की धड्यातला खरा प्रश्न नेमका इथे निसटतो. हा वेळ येतो कुठून?

म्हणून मी आता वेळ देतच नाही, अंतर देतो. स्कूटर सिग्नलला उभी आहे, तोल जाऊन चालवणारा आडवा पडतो. डोकं ढोबळमानाने दीड मीटरवरून खाली येतं. रस्त्याला टेकताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर, म्हणजे ताशी १९ किलोमीटरहून जास्त. गाडी तर जागची हललेलीही नाही! ‘इथल्या इथे तर जायचंय, हळूच चालवतो’ या म्हणण्यातली गफलत मुलांना इथे आपोआप कळते. डोक्याचं वस्तुमान ५ किलो धरलं तर संवेग २७. तो शून्यावर यायचाच आहे, हेल्मेट असो वा नसो. उघडं डोकं २ मिलिमीटरमध्ये थांबलं असं धरू. थांबायला पाऊण मिलिसेकंदही मिळत नाही आणि सरासरी बल येतं जवळजवळ ३७,००० न्यूटन. तेच डोकं २ सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर वेळ दहापट आणि बल ३,७००. फळ्यावर हे दोन आकडे शेजारी शेजारी आले की वर्ग गप्प होतो.

एका मुलाने एकदा अपघातात सापडलेलं हेल्मेट आणलं होतं. बाहेरच्या कवचावर ओरखडा तेवढा दिसत होता. आतलं कापड सोडवलं, तर कानाच्या वर तळहाताएवढ्या जागेत थर्माकोलचे दाणे चपटे होऊन एकमेकांत रुतले होते. शेजारचा थर जाड नि गुबगुबीत, इथे जेमतेम निम्मा. हे दबणं म्हणजेच डोक्याला मिळालेला वेळ. त्या चपट्या जागेवरून मुलं बराच वेळ बोटं फिरवत राहिली.

दबलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. तिथेच परत मार बसला तर थांबायला अंतरच उरत नाही, म्हणून कवच धडधाकट दिसलं तरी असं हेल्मेट बदलायलाच हवं. आत नुसता स्पंज असलेली टोपीवजा हेल्मेटं पाहिली की मला संताप येतो. स्पंज जवळपास विरोध न करता तळाशी जातो, डोक्याचा वेग तसाच राहतो आणि सगळा संवेग शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरवर येऊन पडतो. फार कडक थरही कामाचा नाही, कारण तो दबतच नाही. कवटीला झेपेल इतक्याच बलाला, पण पूर्ण जाडीभर विरोध करत दबणारा थर हवा. दुचाकीच्या हेल्मेटला १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते चिन्ह देण्याआधी हेल्मेट उंचावरून आपटून आतल्या डोक्याच्या प्रतिकृतीला किती हिसका बसतो, ते मोजतात.

आणि हनुवटीखालचा पट्टा. तो सैल असेल तर पहिल्याच धक्क्याला हेल्मेट डोक्यावरून निघून जाऊ शकतं, आणि पुढच्या आपटीला डोकं पुन्हा त्या २ मिलिमीटरवर येतं.