डोळ्यांची ग्वाही

ज्याला दिसते, तो न दिसणाऱ्याचे काही देणे लागतो काय? अंधाला हात धरून रस्ता ओलांडून देणे हे सवाबचे काम आहे, यावर आपल्यात दुमत नाही. पण आपल्या डोळ्यांना जे दिसले ते त्याला सांगणे हा उपकार आहे की त्याचा हक्क?

आज अंध व्यक्ती संगणक आणि मोबाइल वापरतात. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर असतात. 'एनव्हीडीए' हे त्यांतले मोफत मिळणारे. ती अक्षरे वाचतात, पण चित्र किंवा आलेख आला की अडतात. म्हणून चित्रामागे शब्दांत वर्णन जोडण्याची सोय आहे. त्याला पर्यायी मजकूर म्हणतात. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी १९९९ साली जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांत ही पहिलीच अपेक्षा होती. तंत्राची बाजू एवढीच. बाकीचा प्रश्न ईमानाचा आहे.

हजरत अब्दुल्ला इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते आणि मदिनेत मुअज्जिनही होते. हजरत बिलाल (रजि.) रात्र असतानाच अजान देत, रोजा धरणाऱ्यांना खाण्यापिण्याची मुभा इब्ने उम्मे मक्तूम यांच्या अजानपर्यंत असे. पहाट फुटलेली त्यांना कशी कळे? लोक त्यांना सांगत, सकाळ झाली. मग ते अजान देत. हदीसमधली ही गोष्ट आपण सहेरीच्या वेळेसंदर्भात वाचतो. मला तिच्यात आणखी काही दिसते. आकाश पाहणारा एक, आवाज देणारा दुसरा, आणि दोघांमधल्या एका शब्दावर साऱ्या वस्तीचा रोजा. त्या सांगणाऱ्याला पूर्वेच्या रंगांचे वर्णन करायचे नव्हते. जे हवे होते तेवढेच, वेळेवर आणि खरे सांगायचे होते.

शाळेत आम्ही मुलांकडून चित्रवर्णन लिहून घेतो. तिथे विशेषणांना गुण मिळतात. पर्यायी मजकुरात 'सुंदर', 'भव्य' यांनी काहीच कळत नाही. बीबी का मकबऱ्याचा फोटो इतिहासाच्या धड्यात असेल तर घुमट आणि चार मिनार सांगावे लागतील. डागडुजीच्या बातमीत असेल तर निखळलेला गिलावा. म्हणजे वर्णन हेतूप्रमाणे बदलते. मग सत्यही हेतूप्रमाणे बदलते का?

याचे उत्तर आलेखाजवळ सापडते. २००१ च्या जनगणनेत देशातील मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के होती, देशाची सरासरी ६४.८. महाराष्ट्रात मात्र मुस्लिमांची ७८.१ आणि राज्याची सरासरी ७६.९. या चार स्तंभांच्या आलेखाखाली एकाने लिहिले, 'मुस्लिम साक्षरतेत मागे'. दुसऱ्याने लिहिले, 'मुस्लिम सरासरीच्या पुढे'. दोघांपैकी कोणीही खोटे बोललेला नाही, आणि दोघांनीही अर्धेच सांगितले आहे. डोळस वाचक स्तंभांवर नजर टाकून ताडून पाहील. ऐकणाऱ्याजवळ तो उपाय नाही. तिसरा 'साक्षरतेचा आलेख' एवढेच लिहितो. त्याने तर काहीच दिले नाही. म्हणून आधी चारही आकडे सांगावेत, आणि निष्कर्ष सांगायचाच तर वेगळा सांगावा. काय निवडायचे हे हेतू ठरवील. पण ज्याने अर्थ पालटतो ते वगळण्याची मुभा हेतू देत नाही. ग्वाही देणाऱ्याने निवाडा करायचा नसतो.

कधी गप्प राहणेही प्रामाणिक असते. पानाच्या कडेला नुसती शोभेची वेलबुट्टी असेल तर तिचे वर्णन रिकामे ठेवावे, म्हणजे सॉफ्टवेअर ती ओलांडून पुढे जाते. तिथे आपण काही लपवलेले नसते. आता यंत्रेही चित्र पाहून वर्णन लिहून देतात. त्यांची मदत मोठी आहे. पण चित्रात नसलेली वस्तूही ती कधी कधी बेधडक सांगून जातात, आणि ऐकणाऱ्याला ती चूक पकडता येत नाही. तेव्हा लिहिण्याचे काम यंत्रावर सोपवले तरी पडताळून पाहणे डोळस माणसाकडेच राहते.

रमजान आला की सहेरी-इफ्तारचे वेळापत्रक मोबाइलवर फिरू लागते. बहुधा ते चित्र असते. हिरव्या चौकटीत, घुमट आणि चाँदसह. ते पाठवणाऱ्याच्या मनात नेकीच असते. पण मोहल्ल्यातल्या अंध रोजादाराच्या फोनवर ते मुके होऊन पोहोचते, आणि त्याला वेळ विचारायला दुसऱ्याच्या दारी जावे लागते. सहेरी किती वाजता संपते, इफ्तार किती वाजता, एवढ्या दोन ओळी खाली लिहायला कितीसा वेळ लागतो? त्या लिहिणे हा त्याच्यावर उपकार नव्हे. आपल्या डोळ्यांजवळ ठेवलेली ती त्याची अमानत आहे.