पहिला शब्द कोणाचा?

न्यायासनापुढे जो प्रथम बोलतो, तो ऐकणाऱ्याच्या मनात एक चित्र उभे करतो. मागून येणारे साक्षीपुरावे मग त्या चित्राच्या चौकटीतच बसवले जातात. म्हणून जूरीपुढील प्रारंभिक निवेदन प्रभावी कसे व्हावे, या प्रश्नाच्या पोटी दुसरा प्रश्न आहे : असा प्रभाव पाडण्याचा बोलणाऱ्यास अधिकार कुठवर?

आपल्या कायद्याने मर्यादा आखली आहे. सत्र न्यायालयात सरकारी वकिलाने आरोप काय व तो कोणत्या पुराव्याने सिद्ध करणार, हे सांगून खटला सुरू करावा, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 226 वे कलम सांगत असे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 249 वे कलमही तेच सांगते. आमच्या मते असे निवेदन म्हणजे एक वचनच होय. जे सिद्ध करता येणार नाही ते रंगवून सांगणारा वकील ऐकणाऱ्याचा विश्वास उसना घेतो आणि बुडवतो.

1959 साली मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांचा खुनाचा खटला नऊ जणांच्या जूरीपुढे चालला. त्या काळात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक उघडपणे त्यांची बाजू मांडत होते. जणू दुसरे निवेदन न्यायालयाबाहेर चालू होते, आणि त्याची उलटतपासणी कोणी करणार नव्हते. जूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांनी तो निर्णय न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. तेथे ते दोषी ठरले. 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. पुढे 1973 च्या संहितेत जूरीला स्थान उरले नाही.

जूरी गेली, परंतु न्यायनिवाडा करण्याची आपली हौस गेली नाही. राजूरच्या परिसरात, अकोले तालुक्यातच, राघोजी भांगरे यांचे देवगाव आहे. सावकारीविरुद्ध उठलेल्या या पुरुषाला इंग्रजी दप्तराने दरोडेखोर ठरवले. 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले. त्यांच्याविषयीचा पहिला शब्द राज्यकर्त्यांचा होता. डोंगरातल्या माणसांचा शब्द छापला जाण्यास फार काळ जावा लागला.

दानिएलाच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा आपणांस परिचित आहे. दोघा प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांनी प्रथम सांगितले आणि सभेने विश्वास ठेवला. दानिएलाने मोठे भाषण केले नाही. दोघांना वेगळे करून त्याने एवढेच विचारले, की ते झाड कोणते होते? उत्तरे जुळली नाहीत, आणि एक निरपराध स्त्री वाचली.

राजूरच्या बाजारात असो वा आपल्या धर्मग्रामात, कुणाच्या सुनेविषयी वा शेजाऱ्याविषयी पहिली हकिगत कानी येते, तेव्हा आपणही जूरीच्या बाकावर बसलेले असतो. सांगणारा जितका परिणामकारक, तितके आपण सावध असावे. ज्याच्याविषयी बोलले जात आहे, तो येऊन आपली बाजू मांडीपर्यंत निकाल राखून ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती नाही काय?