तारणाची खात्री आणि पवित्र जीवन

“तुमचे तारण झाले आहे का?” असा प्रश्न आपल्या कॅथलिक माणसाला आता अनेक ठिकाणी विचारला जातो. कधी आगगाडीच्या डब्यात, कधी रुग्णालयात खाटेशेजारी, तर कधी लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या तरुणांच्या खोलीवर. विचारणारा बहुधा सद्भावनेचा, बायबलचे नित्य वाचन करणारा आणि स्वतःच्या उत्तराविषयी निःशंक असतो. अमुक दिवशी आपण प्रभूचा स्वीकार केला आणि त्याच दिवशी आपले स्वर्गातील स्थान कायमचे निश्चित झाले, असे तो सांगतो. आपला माणूस गोंधळतो. ‘होय’ म्हणावे तर उद्धटपणा वाटतो. ‘नाही’ म्हणावे तर इतकी वर्षे मिस्साला गेलो, पापनिवेदन केले, जपमाळ केली ती कशासाठी, असा प्रश्न उभा राहतो.

पुष्कळदा हा प्रश्न घरातूनच येतो. मुलगा शहरात नोकरीला जातो, एखाद्या प्रार्थनामंडळीत रमतो आणि सुटीत घरी आल्यावर आईला सांगतो की तुझ्या नोव्हेना निरर्थक आहेत, कारण तुला तारणाची खात्रीच नाही. आईला राग येत नाही. तिला भीती वाटते. स्वतःविषयी वाटते, आणि अंतिम संस्कार न मिळता गेलेल्या पतीविषयीही वाटते. अशा घरात हा वाद केवळ धर्मशास्त्राच्या पुस्तकातील वाद राहत नाही. म्हणूनच त्याचा शांतपणे विचार करावयास हवा.

हा विचार आपल्या भागाला नवा नाही. खेडपासून फार दूर नसलेल्या बाणकोटच्या किनाऱ्यावर १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे कार्य सुरू झाले आणि पुढे ते हर्णैपर्यंत पसरले. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव लाभले ते जॉन विल्सन १८२९ साली भारतात आल्यावर मराठी शिकण्यासाठी याच किनाऱ्यावर राहिले होते. ही मंडळी प्रेस्बिटेरियन पंथाची. वेस्टमिन्स्टर येथे १६४६ साली तयार झालेले विश्वासनिवेदन त्यांना प्रमाण होते. देवाने ज्यांना खरोखर बोलावून पवित्र केले ते कृपेतून पूर्णपणे आणि कायमचे ढळू शकत नाहीत, अशी शिकवण त्याच्या सतराव्या अध्यायात आहे. ‘एकदा तारण, कायमचे तारण’ हे आज कानी येणारे वाक्य या शिकवणुकीचे लोकांच्या तोंडी झालेले संक्षिप्त रूप होय.

परंतु मूळ शिकवण आणि हे संक्षिप्त रूप यांत मोठे अंतर आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्या विश्वासनिवेदनाने पापाला परवानगी दिलेली नाही. विश्वासी मनुष्यही काही काळ गंभीर पापात पडू शकतो, त्याची मनातील खात्री डळमळू शकते, हे त्यात मान्य केले आहे. आणि ज्याच्या जीवनात पवित्रतेचे फळच दिसत नाही, त्याने आपल्या निवडीविषयी निश्चिंत राहू नये, असा त्याचा कल आहे. शिवाय सर्व प्रॉटेस्टंट बांधव या मताचे नाहीत. जॉन वेस्ली आणि त्यांच्यामागून आलेले मेथडिस्ट, मिळालेली कृपा गमावता येते असेच मानीत आले आहेत.

या शिकवणुकीच्या मुळाशी पवित्र शास्त्रातील एक मोठे सत्य आहे. आपल्या मेंढरांना आपल्या हातून कोणी हिरावून घेऊ शकत नाही, असे प्रभू येशू योहानाच्या शुभवर्तमानात सांगतो. मरण असो वा जीवन, कोणतीही निर्मित वस्तू आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळे करू शकणार नाही, असा संत पौलाचा रोमकरांना निर्वाळा आहे. ही वचने आपलीही आहेत. त्यांना वचकून बाजूला सारणारा कॅथलिक स्वतःचाच वारसा टाकून देतो.

मात्र तोच पौल करिंथकरांना लिहितो की, इतरांना उपदेश करून आपण स्वतःच अपात्र ठरू नये म्हणून तो आपल्या देहाला ताब्यात ठेवतो. आपण उभे आहोत असे ज्याला वाटते त्याने पडू नये म्हणून सांभाळावे, असेही तो बजावतो. मेंढराला दुसरा कोणी हिरावून नेऊ शकत नाही हे खरे. पण मेंढरू स्वतः कळप सोडून जाणारच नाही, असे प्रभूने म्हटलेले नाही. उलट, हरवलेल्या मेंढराचा दाखला त्यानेच दिला आहे.

रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौलाने कलमाचा दृष्टान्त घेतला आहे. रानटी ऑलिव्हची फांदी चांगल्या झाडाला जोडली गेली. तिने गर्व करू नये, कारण देवाच्या चांगुलपणात ती टिकली नाही तर तीही छाटली जाईल. आपल्या कोकणी माणसाला कलम समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे चित्र उलटे असते: रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधतात. जोड जमला की ते झाड हापूसचे झाले. झाडाने काही कमाई केली म्हणून नव्हे, तर बांधणाऱ्याने बांधले म्हणून. पण जोडाच्या खाली खुंटाला फुटवे येत राहतात. ते वेळच्या वेळी काढले नाहीत तर रस तिकडे ओढला जातो, वरची काडी वाळते आणि काही वर्षांनी त्या जागी रायवळच उभा राहतो. स्नानसंस्काराने आपल्यात ख्रिस्ताचे जीवन बांधले जाते ते असे. ते फुकट मिळते, खरे असते आणि पहिल्या दिवसापासून आपले असते. पण जुना खुंट मेलेला नसतो. फुटवे काढणे ही कलमाची किंमत नव्हे. ती त्याची निगा आहे.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी या विषयावर जो निर्णय दिला, त्यातील पहिलाच नियम अनेकांना ठाऊक नसतो. ख्रिस्ताच्या कृपेवाचून, केवळ स्वतःच्या कृत्यांनी मनुष्य देवापुढे नीतिमान ठरू शकतो, असे म्हणणाऱ्याला परिषदेने दोषी ठरविले. ‘कॅथलिक लोक सत्कृत्यांनी स्वर्ग विकत घेतात’ या आक्षेपाला याहून स्पष्ट उत्तर नाही. त्याच निर्णयात पुढे सांगितले आहे की, विशेष प्रकटीकरणावाचून आपण अखेरपर्यंत टिकूच असे कोणी अचूकपणे जाणू शकत नाही. मात्र देवाच्या साहाय्यावर सर्वांनी अत्यंत दृढ आशा ठेवावी. शेवटपर्यंत टिकणे ही स्वतंत्र देणगी आहे. ती कमावता येत नाही, मागावी लागते.

ही देणगी कशी असते, हे इतिहासात पाहावे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया तरुणपणी येशूसंघीयांबरोबर जपानला गेले, नंतर व्यापारात पडले, मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले, पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर प्राणार्पण करून सव्वीस हुतात्म्यांत गणले गेले. त्याच नागासाकीत १६३३ साली येशूसंघीयांचे प्रमुख क्रिस्तोव्हांव फेरेइरा यांनी, दोन दशकांहून अधिक काळ मिशनकार्य केल्यावर, खड्ड्यात उलटे टांगून केलेल्या छळापुढे विश्वास नाकारला. व्यापारातल्या तरुण गोन्सालोकडे आणि धर्मकार्यातल्या अनुभवी फेरेइरांकडे पाहून त्या काळी कोणी भाकीत केले असते, तर ते बहुधा चुकले असते. फेरेइरांना धिक्कारण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांचा न्याय देवाकडे आहे. आपण इतकेच शिकावे की कालच्या विश्वासावर उद्याचा दिवस काढता येत नाही.

आता आपल्या घराकडे वळू या. दुसऱ्याच्या खोट्या खात्रीवर बोट ठेवणे सोपे असते. आपल्या घरातही तिचाच एक प्रकार नांदत असतो. ‘आमचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक’, ‘मुलांचे सगळे संस्कार झाले’, ‘नऊ पहिले शुक्रवार पुरे केले’ असे म्हणून आपणही निश्चिंत होतो. येशूच्या पवित्र हृदयाची भक्ती प्रेम वाढावे म्हणून आहे. तिचा विम्याचा हप्ता करणाऱ्याने ती समजून घेतलेली नाही. भावाची जमीन बळकावून, सुनेला छळून, कामगाराची मजुरी थकवून जो वेदीसमोर जातो आणि पॅरिशच्या नोंदवहीत आपले नाव आहे एवढ्यावर विसंबतो, तो ‘एकदा तारण, कायमचे तारण’ हेच म्हणत असतो. फक्त त्याचे शब्द वेगळे असतात. संत थॉमस अक्वायनस यांनी आशेविरुद्धची दोन पापे सांगितली आहेत: निराशा आणि फाजील भरवसा. पहिले देवाची दया नाकारते, दुसरे त्याचा न्याय विसरते.

मनुष्याच्या मनात हा पेच खोल रुजलेला आहे. दक्षिणेतील श्रीवैष्णव आचार्यांतही त्यावर वाद झाला. मांजरीचे पिलू काहीच करत नाही, आईच त्याला उचलते. माकडिणीचे पिलू मात्र आईला घट्ट धरून असते. भक्त यांपैकी कोणासारखा? प्रभू येशूने दिलेली उपमा तिसरीच आहे: घर सोडून जाऊ शकणारा पुत्र. दूर देशी डुकरे चारतानाही तो पुत्रच होता, पित्याचे प्रेम तसूभरही घटले नव्हते. तरीही तो मेला होता, असे पिताच म्हणतो. पिता त्याला बांधून ठेवत नाही आणि त्याची वाट पाहणेही सोडत नाही. पवित्र जीवन म्हणजे त्या घरात राहणे. घरात राहणारा मुलगा घराचे भाडे भरत नसतो.

या प्रश्नावर ख्रिस्ती मंडळ्या परस्परांच्या जवळ आल्या आहेत, हीही समाधानाची गोष्ट. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा व लूथरन महासंघ यांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धान्तावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. विश्वासूंनी देवाच्या दयेवर व वचनांवर विसंबावे, हे त्यात दोघांनीही एकमुखाने मान्य केले. मेथडिस्ट २००६ साली, तर बाणकोटच्या त्या मिशनऱ्यांची मातृमंडळी ज्या परिवारात मोडते तो रिफॉर्म्ड परिवार २०१७ साली त्यात सहभागी झाला. सर्व मतभेद मिटलेले नाहीत. पण घरी आलेल्या मुलाशी आईने भांडावे, इतके ते मोठेही नाहीत.

मग त्या प्रश्नाला उत्तर काय द्यावे? १४३१ साली रूआँ येथे सुमारे एकोणीस वर्षांच्या जोन ऑफ आर्कला न्यायासनाने असेच पेचात टाकले होते: तू देवाच्या कृपेत आहेस का? ‘होय’ म्हटले तर गर्व, ‘नाही’ म्हटले तर अपराधाची कबुली. आपण कृपेत नसलो तर देवाने आपल्याला तेथे आणावे आणि असलो तर तेथेच राखावे, अशा अर्थाचे उत्तर तिने दिले. स्वतःच्या मनाची तपासणी करीत न बसता तिने देवाकडे पाहिले. आपल्या आईनेही मुलाला एवढेच सांगावे: माझी खात्री माझ्यावर नाही, त्याच्यावर आहे, म्हणूनच मी रोज मागते.

ती रोज मागतेच. नमो मरियेच्या अखेरीस आपण दोनच क्षणांसाठी विनंती करतो: आत्ताच्या आणि मरणाच्या. संत पाचवे पायस यांनी १५६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रार्थनाग्रंथात ही विनंती कायम झाली. शेवटपर्यंत टिकण्याची देणगी मागणारी याहून सोपी प्रार्थना नाही. जपमाळेच्या पाच दशकांत एक साधी बाई ती पन्नास वेळा मागते. तिला तारणाविषयी काही कळत नाही, असे कोण म्हणेल?

१९ मार्च २०१३ रोजी पहाटे गोव्याहून मुंबईकडे निघालेली एक खासगी बस खेडजवळच्या पुलावरून जगबुडीच्या पात्रात कोसळली आणि ३७ माणसे दगावली. तो दिवस संत योसेफाच्या सणाचा, म्हणजे चांगल्या मरणासाठी आपण ज्याचा धावा करतो त्या संताचा होता. मृतांतील प्रत्येक जण देवाच्या दयेच्या हाती आहे, आणि त्या दयेला सीमा घालणारे आपण कोणी नव्हे. संस्कारावाचून गेलेला पतीही त्याच हाती आहे. मागे राहिलेल्यांच्या हाती मात्र आत्ताचा क्षण आहे. पापनिवेदन लांबले असेल तर या शनिवारी करावे. भावाशी बोलणे बंद असेल तर आजच बोलावे. मजुरी द्यावयाची असेल तर ती द्यावी. आणि रात्री दिवा मालवण्यापूर्वी, सुटीत आलेल्या मुलालाही शेजारी बसवून, एकदा नमो मरिया म्हणावी.