केव्हां तरी

जुन्या मोटारगाड्यांचा ज्यांस नाद आहे अशा मनुष्यांशीं परिचय असलेल्या वाचकांच्या ध्यानांत एक गोष्ट आली असेल. जी गाडी ते रोज चालवितात तिजविषयीं ते फारसें बोलत नाहींत. जी पुढेंमागें नीट करावयाची आहे तिजविषयीं मात्र तासन्‌तास बोलतात. चाकें कोणतीं बसवावयाचीं, रंग मूळचाच द्यावयाचा कीं नाहीं, गाद्यांचें कातडें कोठून आणावयाचें, हें सारें मनांत ठरलेलें असतें. ठरलेली नसते ती फक्त तारीख.

आमच्या एका स्नेह्यांजवळ कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली १९६६ सालची फियाट आहे. अंगणांत ताडपत्रीखालीं ती आज एकोणीस वर्षें उभी आहे. जवळच्या गॅरेजांत काम करणारा एक तरुण मुलगा तीन वेळां येऊन ती मागून गेला; पैसेहि रास्त देत होता. तिन्ही वेळां त्यास नकार मिळाला. "मला ती केव्हां तरी स्वतःच्या हातानें करावयाची आहे," असें आमचे स्नेही म्हणाले, आणि मग आमच्याकडे वळून त्यांनीं विचारलें, "प्रोफेसर, यांत माझें कांहीं चुकलें काय?"

प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. स्वप्न पाहिल्यानें कोणाचें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. ज्याच्याजवळ गाडीच नाहीं, जो नुसतीं चित्रें पाहून संतुष्ट होतो, त्याचें स्वप्न खरोखरच निरुपद्रवी होय. परंतु वस्तु एकदां ताब्यांत घेतली म्हणजे इतर सर्वांस तिजपासून दूर ठेवण्याचा हक्क आपण बजावीत असतों, आणि त्या हक्काच्या समर्थनार्थ आपण एक वचन पुढें करतों: मी हिला नीट करीन. आतां ज्या वचनास दिवस नाहीं तें मोडलें असें कोणत्याहि दिवशीं सिद्ध करतां येत नाहीं. त्याची सारी गोडी यांतच आहे. दर्शनी हुंडी आपणांस ठाऊक आहे, मुदतीची हुंडीहि ठाऊक आहे. 'केव्हां तरी'ची हुंडी मात्र कोणत्याहि पेढीवर वटत नाहीं.

आणि मोटार ही कांहीं कपाटांतली पोथी नव्हे. टांकींतलें पेट्रोल उडून जातें व मागें राळेसारखा चिकट गाळ राहतो. तो कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो. ब्रेकांतलें तेल हवेंतली ओल शोषून घेतें आणि ती ओल धातूस आंतून खाते. पिस्टन सिलिंडरच्या भिंतीस धरून बसतात. पत्रा वरून चकचकीत दिसला तरी दारांखालच्या पोकळींत गंज दर पावसाळ्यास आपलें काम करीत असतो. तो 'केव्हां तरी' म्हणत नाहीं.

स्नेह्यांस उत्तर देण्यापूर्वीं फ्रान्समधील एक प्रकरण आम्हांस आठवलें. रोजे बायों नांवाचे मालवाहतुकीचा धंदा करणारे एक गृहस्थ १९५० नंतरच्या वर्षांत युद्धापूर्वीच्या गाड्या विकत घेऊं लागले. बुगाटी, हिस्पानो-सुइझा, दलाए अशीं एकाहून एक मोठीं नांवें त्यांत होतीं. त्या काळीं असल्या गाड्यांस फारसें कोणी विचारीत नसे. कित्येक सरळ मोडींत जात. बायों यांस त्या नीट करून त्यांचें संग्रहालय काढावयाचें होतें. पुढें १९७० नंतरच्या दशकांत धंदा बुडाला, कांहीं गाड्या विकाव्या लागल्या, आणि उरलेल्या पश्चिम फ्रान्समधील त्यांच्या जागेंत पत्र्याच्या आडोशाखालीं तशाच राहिल्या. बाप गेला, मुलगाहि गेला. २०१४ सालीं आर्टक्यूरियाल या लिलाव करणाऱ्या पेढीचीं माणसें तेथें गेलीं तेव्हां त्यांस सुमारें साठ गाड्या आढळल्या. कित्येकींवर वेल चढली होती. एका बंद गॅरेजांत मात्र, मासिकांच्या गठ्ठ्यांखालीं, एक १९६१ सालची फेरारी निघाली. २०१५ च्या फेब्रुवारींत पॅरिसच्या लिलावांत तिला १ कोटी ६० लक्षांहून अधिक युरो आले.

किंमतीवरून नीति ठरविणाऱ्यांचा वाद येथेंच मिटेल. आमचा मिटत नाहीं. बायों यांस हौस नसती तर त्यांतल्या पुष्कळ गाड्या केव्हांच भट्टींत वितळल्या असत्या, हें आम्ही मान्य करतों. ज्याचा धंदा बुडाला त्यास घरबसल्या दोष देणें सोपें आहे, हेंहि खरें. तथापि एक गोष्ट मनास टोंचते. बंद गॅरेजांतली गाडी टिकली आणि उघड्यावरच्या कुजल्या. चार भिंती घालणें, ओल आंत येऊं न देणें, हें संग्रहालय उभारण्याइतकें अवघड खास नव्हतें. पण ज्याच्या डोळ्यांपुढें सबंध संग्रहालय उभें आहे त्यास पत्र्याचें भोंक बुजविणें क्षुल्लक वाटतें. थोर संकल्पाच्या सांवलींत लहान कर्तव्य असें मरतें.

गाडी नीट केलीच पाहिजे असा आमचा आग्रह नाहीं. १९२५ सालची एक बुगाटी मॅजोरे सरोवराच्या तळाशीं अनेक दशकें पडून होती. २००९ सालीं ती वर काढण्यांत आली. पुढें ती पीटर मलिन या अमेरिकन संग्राहकानें घेतली आणि कॅलिफोर्नियांतल्या आपल्या संग्रहालयांत, गंजलेली, अर्धी नाहींशी झालेली, तशीच मांडली. तिला हात न लावणें हा त्याचा निर्णय होता. ताडपत्रीखालच्या फियाटीविषयीं असा कोणताहि निर्णय झालेला नाहीं, आणि आमचें म्हणणें एवढेंच आहे.

तें आम्हीं स्नेह्यांस सांगितलें: येत्या दसऱ्यापूर्वीं इंजिन उघडा, नाहीं तर त्या मुलास बोलवा. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं आमच्या मोरोपंतांवरील ग्रंथाची चौकशी केली, ज्याचीं टिपणें आमच्या कपाटांत वीस वर्षें बांधून ठेवलेलीं आहेत. यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. चहा आला तेव्हां बरेंच झालें.

त्या मुलास त्यांनीं आतां रविवारीं सकाळीं बोलाविलें आहे असें कळतें. विकत देण्यास नव्हे, दोघांनीं मिळून इंजिन उघडण्यास. पान्हे तो आपले घेऊन येणार आहे.