पहिल्याच तपासणीवर थांबूं नका



लेवीय पुस्तकाच्या 13 व्या अध्यायांत याजकास घालून दिलेला नियम आपणांस ठाऊक आहे. अंगावरील डागाविषयीं शंका उरली, तर सात दिवसांनीं तो पुन्हा पाहावा, आणि तरीही निर्णय होत नसेल, तर आणखी सात दिवस थांबावें. शंकेवरून कोणास रोगी ठरवूं नये, आणि एकदां पाहून निश्चिंतही होऊं नये, हा त्यांतील बोध होय.

एचआयव्हीविषयीं हाच बोध धरावा. असुरक्षित शरीरसंबंध घडला, किंवा दुसऱ्यास टोचलेली सुई आपणांस लागली, तर 72 तासांच्या आंत डॉक्टरांकडे जावें. संसर्ग टाळणारीं औषधें त्याच मुदतींत, आणि होईल तितक्या लवकर, सुरू करावीं लागतात. तीं 28 दिवस घ्यावयाचीं असतात.

तपासणीस मात्र धीर पाहिजे. विषाणु शरीरांत शिरला, तरी त्याची खूण रक्तांत लगेच दिसत नाहीं. प्रतिपिंडें शोधणारी तपासणी साधारणतः 23 ते 90 दिवसांनीं संसर्ग दाखवूं लागते. म्हणून आठवड्याच्या आंत "नाहीं" असा निकाल आला, तर तो निश्चितीचा दाखला नव्हे. प्रथम तपासावें, सहा आठवड्यांनीं पुन्हा तपासावें, आणि तीन महिने पुरे झाल्यावर आणखी एकदां. औषधें घेतलीं असतील, तर डॉक्टर सांगतील त्या तारखा पाळाव्या. तोंवर संयम पाळावा किंवा निरोध वापरावा, व रक्तदान करूं नये. पहिल्याच निकालावर हर्ष करून घरीं परतणारा कदाचित् आपल्या निरपराध पत्नीसच संसर्ग देईल.

सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते. संमतीवांचून ती करणें 2017 च्या कायद्यानें मना आहे, व निकाल गुप्त राखिला जातो. निकाल "आहे" असा आला, तरी आशा सोडूं नये. गोळ्या सरकारांतून विनामूल्य मिळतात. त्या नेमानें घेणारा दीर्घकाळ जगतो, आणि रक्तांतील विषाणु मोजतां न येण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधांतून तो दुसऱ्यास लागत नाहीं.

उपदेशक बंधूंनो, जो तुम्हांस आपली शंका सांगेल, त्याचें गुज पोटांत ठेवा व त्याच्याबरोबर केंद्रापर्यंत चाला. एका ताटांत जेवल्यानें किंवा शेजारीं बसल्यानें हा रोग लागत नाहीं. म्हणून कोणास पंक्तीबाहेर बसवूं नका. आपल्या प्रभूनें कुष्ठ्यासही हात लावून जवळ केलें, हें स्मरणांत असूं द्या.